आधी टेप, मग घोडा: बल्ल्यांच्या सरावाने घोडा तयार करताना

विदर्भातल्या खेड्यात सवारीसाठी येणारा घोडा बहुतेक वेळा सारंगखेड्याच्या बाजारातून तरी आलेला असतो, नाहीतर वरातीच्या धंद्यातून. असा घोडा बँडला, फटाक्यांना, गर्दीला सहसा बुजत नाही. पण आपला पाय कुठे पडतोय हे बघायची त्याला सवय नसते. नाचायला शिकवलेल्या घोड्याचं तर उलटंच झालेलं असतं: मान ताठ वर, पाठ खाली खचलेली, मागचे पाय मागेच राहिलेले. त्याला पांदणीतून, नाल्यातून, धुऱ्यावरून न्यायचं तर शरीर पुन्हा सरळ वापरायला शिकवावं लागतं. त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जमिनीवर मोजून टाकलेल्या बल्ल्या आणि पुढे त्यांच्याच जोडीने लावलेल्या लहान उड्या. घोडेस्वारीच्या शाळांत याला ग्रिडवर्क म्हणतात.

यातली मेख एकच आहे. बल्ल्यांमधलं अंतर घोड्याच्या पावलाला जुळलं की तो आपणहून मान खाली घालतो, पाठ उचलतो आणि पाय मोजून टाकतो. अंतर चुकलं की तोच घोडा ठेचकाळतो, घाबरतो, आणि मग मालक त्याला चाबूक दाखवतो. घोडा अडला की आधी टेप काढायचा, चाबूक नाही.

घोडा या कामाला तयार आहे का

विकणारा वय सांगेल त्यावर जाऊ नका, दात बघा. पुढच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांत बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. कडेचे दुधाचे दात अजून असतील तर उडी नाही. जमिनीवर पडलेल्या बल्ल्यांवरून हातात धरून चालवायला तीन वर्षांचं शिंगरूही चालेल.

मग लंगड तपासा. कडक, सपाट रस्त्यावर दोरी सैल सोडून घोडा दुडक्या चालीने सरळ न्यायला सांगा आणि समोरून डोक्याकडे बघा. पुढच्या पायात दुखणं असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. असं दिसलं तर बल्ल्या बाजूला ठेवा आणि नालबंद, नाहीतर डॉक्टर बोलवा. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्याचा अनुभव नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था गाठलेली बरी. धनुर्वाताची लस आधी टोचून घ्या. घोड्याइतका धनुर्वाताला नाजूक प्राणी दुसरा क्वचितच असेल, आणि लाकडाच्या कामात खरचटणं ठरलेलंच. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला. खिळा वर आलेली नाल दुसऱ्या पायाला कापते.

तोंडात जाणारी लगामाची कडी काटेरी असेल तर ती काढून टाका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहेच. शिवाय जो घोडा तोंडाच्या भीतीने मान वर ठेवतो तो बल्ली बघणारच नाही. मधे सांधा असलेली साधी, गुळगुळीत, जाड कडी पुरते.

जागा आणि सामान

काळ्या मातीच्या वावरात हा सराव करू नका. पावसाळ्यात ती माती खुराला गोळ्यागोळ्याने चिकटते आणि पाय घसरतो. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत खूर अडकून पाय मुरगळतो. पऱ्हाटी किंवा तूर निघालेल्या वावरात तर धसकटं खुराच्या तळव्यात घुसतात. बरड, मुरमाड जमीन निवडा. वीस बाय चाळीस मीटरचा तुकडा मिळाला तर उत्तम, पण पंधरा बाय तीसमध्येही भागतं. गोटे वेचून टाका, वरचा मुरूम दोन-तीन इंच वखराने मोकळा करा, आणि जमलं तर त्यावर नदीच्या वाळूचा पातळ थर द्या. वाळू जास्त खोल झाली की घोड्याच्या पायांमागच्या शिरांवर (टेंडनवर) ताण येतो, म्हणून तीन इंचांपुढे जाऊ नका.

बल्ल्या निलगिरीच्या घ्या. साल काढलेल्या, आठ ते दहा सेंटिमीटर जाडीच्या, तीन ते साडेतीन मीटर लांब. टोकं कानसीने गोल करा. सुरुवातीला सहा पुरतात, पुढे दहा लागतील. मेळघाट-गडचिरोलीकडे बांबू मुबलक मिळतो म्हणून तो वापरायचा मोह होतो, पण त्याच्यावर खूर पडला की तो उभा चिरतो आणि चिरफळी सुरीसारखी लागते. प्लास्टिकचा पाइपही तसाच फुटतो. शिवाय दोन्ही हलके असल्याने घोडा त्यांना मान देत नाही. लाथाडत निघून जातो.

रंग घोड्याच्या डोळ्याला दिसेल असा हवा. घोड्याला निळा आणि पिवळा नीट वेगळे कळतात. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला फारसा उमगत नाही, त्यामुळे गेरूने रंगवलेली बल्ली तांबड्या मुरमावर त्याच्यासाठी हरवते. चुना मारा, त्यावर दर अर्ध्या मीटरला पिवळा किंवा निळा पट्टा द्या. आणखी एक लक्षात ठेवा: नाकाच्या अगदी खाली आणि कपाळाच्या अगदी पुढे घोड्याला दिसत नाही. बल्ली जवळ आली की ती त्याच्या नजरेतून जाते, म्हणून त्याने ती लांबूनच हेरलेली असावी लागते. त्याला मान मोकळी लागते ती याचसाठी.

बल्ली गडगडू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांखाली सिमेंटची रिकामी गोणी निम्मी वाळूने भरून, चपटी करून ठेवा. गोणी उंचीलाही कामी येते. बल्ली त्यावर टेकवली की पंधरा-वीस सेंटिमीटर वर येते, आणि पाय लागला तर सरकून खाली पडते. बल्ली बांधायची नाही, खिळवायची नाही. पडणारी बल्ली घोड्याला वाचवते. लाकडाच्या कैच्या करून त्यावर बल्ली ठेवायची जुनी पद्धत आहे, पण कैचीत पाय अडकला की घोडा आणि स्वार दोघेही पडतात, म्हणून ती टाळा.

स्वाराला घोडेस्वारीचं हेल्मेट आणि टाच असलेले बूट लागतात. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं आणि खाली बघू देत नाही. घोड्याच्या गळ्यात सुती दोरी किंवा जुना चामडी पट्टा सैल बांधा. उडीच्या वेळी स्वार त्याला धरेल म्हणजे लगाम ओढली जाणार नाही. पायांना पट्ट्या नीट बांधता येत नसतील तर बांधूच नका. कुठे घट्ट, कुठे ढिली पट्टी उघड्या पायापेक्षा वाईट.

अंतर कसं काढायचं

इंग्रजी पुस्तकांत दिलेली अंतरं सोळा हाताच्या घोड्यांसाठी असतात (घोड्याच्या उंचीत हात म्हणजे चार इंच). आपल्याकडचा घोडा बहुधा चौदा हातांच्या आसपास, म्हणजे १४२ सेंटिमीटरच्या जवळपास असतो. भीमथडी तट्टू तर त्याहून बुटकं. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका, आपल्या घोड्याचं पाऊल मोजा.

मुरूम दाताळ्याने सपाट करा. कोणाला तरी घोडा दुडक्या चालीने त्यावरून सरळ न्यायला सांगा. मग खाली वाका. मागच्या डाव्या खुराचा एक ठसा शोधा आणि त्याच खुराचा पुढचा ठसा. मागच्या खुराचा ठसा पुढच्यापेक्षा थोडा अरुंद आणि टोकाला निमुळता असतो. टेप एका ठशाच्या पुढच्या कडेवर धरा, दुसऱ्याच्याही पुढच्याच कडेवर. अंतर २.४ मीटर आलं तर त्याचा निम्मा, १.२ मीटर, हा तुमच्या दुडकीच्या बल्ल्यांचा आकडा. असे चार-पाच ठसे मोजून सरासरी घ्या, कारण एखादं पाऊल नेहमीच लांब पडतं. चालीचंही असंच निम्मं करायचं. कँटरमध्ये (दुडकीच्या पुढची, संथ दौडीची चाल) मात्र निम्मं करायचं नाही, पूर्ण पाऊल धरायचं.

चौदा हाताच्या घोड्यासाठी सुरुवातीचे आकडे साधारण असे निघतात:

साधी चाल: ७५ ते ८५ सेंटिमीटर
दुडकी: १.१ ते १.२५ मीटर
कँटर, जमिनीवरच्या बल्ल्या: २.५ ते २.८ मीटर
दुडकीने येऊन घ्यायच्या उडीआधीची बल्ली: उडीपासून २.२ ते २.४ मीटर
दोन उड्यांमध्ये कँटरचं एक पाऊल, दुडकीने येताना: ५ ते ५.२ मीटर

अंतर बल्लीच्या मध्यापासून पुढच्या बल्लीच्या मध्यापर्यंत मोजा, आणि दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला दहा सेंटिमीटरचा फरक राहिला की घोडा त्या बाजूला सरकायला लागतो, आणि स्वाराला वाटतं तो हट्टी आहे.

पहिले तीन आठवडे: जमिनीवरच

बल्ल्यांचं काम आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस मोकळी रपेट, एक दिवस पूर्ण आराम. एका वेळी अर्धा तास पुरे आणि त्यातली पहिली दहा मिनिटं चालण्यात जायला हवीत.

पहिल्या दिवशी म्होरकी आणि लांब दोरी, स्वार नाही. एकच बल्ली टाका. तुम्ही घोड्याच्या खांद्याजवळ चाला, समोर नाही. घाबरून उडी मारली तर समोरचा माणूस त्याच्या पायाखाली येतो. दोरी हाताला कधीच गुंडाळू नका. घोडा बल्लीजवळ थांबला तर थांबू द्या. त्याने मान खाली घालून हुंगलं की दोरी लगेच सैल सोडा. ही ढील सेकंदाभरात मिळाली तरच त्याला कळतं की मान खाली घालणं हे बरोबर होतं. उशिरा दिलेली ढील त्याच्यासाठी निरर्थक असते.

एका बल्लीवरून तो दोन्ही बाजूंनी न अडखळता गेला की पुढे तीन टाका. दोन टाकू नका. दोन बल्ल्या पाहून पुष्कळ घोड्यांना वाटतं की ही एकच रुंद उडी आहे, आणि ते दोन्ही एकदम ओलांडायला जातात. तीन किंवा चार असल्या की त्यांच्यात पाय टाकत जावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात तेच स्वारासह, चालीने. तिसऱ्यात दुडकीने. स्वाराने रिकीब नेहमीपेक्षा दोन भोकं वर घ्यायची, वजन टाचेत ठेवायचं, खोगिरातून किंचित उठून पुढे झुकायचं आणि नजर शेवटच्या बल्लीपलीकडे ठेवायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली यांनी उडीत मागे झुकून लगाम ओढायची जुनी रीत मोडली. पुढे झुकून घोड्याच्या मानेला मोकळीक द्यायची आजची बैठक त्यांचीच. वरातीच्या घोड्यावर शिकलेल्या पोरांना लगाम आखडून धरायची सवय असते, ती इथे सगळ्यात आधी सोडावी लागते.

लांब दोरीवर गोल फिरवताना बल्ल्या पंख्यासारख्या मांडता येतात, आतली टोकं जवळ, बाहेरची लांब. १.२ मीटर हे अंतर मधोमध येऊ द्या. वर्तुळ पंधरा मीटरपेक्षा लहान नको, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. लहान वर्तुळात सांध्यांवर तिरका ताण पडतो.

चौथ्या आठवड्यापासून ओळ उभी करणं

तीन बल्ल्या १.२ मीटरवर. शेवटच्या बल्लीपासून २.४ मीटरवर दोन बल्ल्यांची फुली, मधली उंची तीस सेंटिमीटर. फुलीचा खालचा भाग मधे असल्याने घोडा आपोआप मधोमध येतो. दुडकीने या, काही करू नका. घोडा शेवटच्या बल्लीनंतर एक पाऊल टाकेल आणि उडेल. दोन्ही बाजूंनी वळून चार-पाच वेळा, बस.

पुढच्या आठवड्यात फुलीपलीकडे ५ मीटरवर दुसरी बल्ली. आधी ती जमिनीवरच ठेवा, मग त्याच दिवशी गोणीवर, मग पुढच्या वेळी चाळीस सेंटिमीटरवर. एका वेळी एकच गोष्ट बदला: उंची वाढवली तर अंतर तेच, अंतर बदललं तर उंची तीच. नवख्या जोडीला पहिल्या तीन महिन्यांत साठ सेंटिमीटरच्या वर जायचं काही कारण नाही. उंचीने घोडा तयार होत नाही, तो ओळीतल्या लयीने होतो, आणि उंची वाढवायची घाई सहसा बघायला जमलेल्यांना असते.

खाली एक माणूस लागतोच, पडलेली बल्ली परत मापावर ठेवायला. त्याने बाजूला उभं राहायचं, ओळीच्या शेवटी नाही. एका बैठकीत पूर्ण ओळ सहा ते आठ वेळा. शेवटची फेरी नीट गेली की उतरा. "आणखी एकदा" म्हणून घेतलेल्या फेरीत दमलेला घोडा बल्ली पाडतो, आणि ती पाडलेली फेरी त्याच्या लक्षात राहते.

मार्चपासून सकाळी साडेसातच्या आत सगळं आटोपा. मे महिन्यात सराव बंद ठेवला तरी काही बिघडत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी हा आपल्याकडे खरा हंगाम. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मग जबड्याच्या आतल्या कडेला असलेल्या धमनीवर नाडी बघा. आरामात ती मिनिटाला २८ ते ४४ असते. पंधरा मिनिटांनंतरही साठच्या वर असेल तर काम जास्त झालं किंवा ऊन. घामेजलेल्या घोड्याला पाणी देऊ नये असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. साधं पाणी लगेच पिऊ द्या आणि अंगावरही भरपूर ओता.

बिघडतं तिथे काय बघायचं

मधल्या बल्लीवर पाय आपटतो, नंतर दोन बल्ल्यांत एक जादा बारीक पाऊल घालतो: अंतर त्याच्यासाठी लांब आहे. पाच सेंटिमीटर कमी करा.

दोन बल्ल्या एकदम ओलांडतो: एक तर अंतर आखूड, नाहीतर येण्याचा वेग जास्त. आधी वेग तपासा, चालीने आणून बघा. तरीही ओलांडत असेल तर अंतर वाढवा.

फक्त मागचे पाय लागतात, तेही शेवटच्या फेऱ्यांत: दमलाय. पहिल्या फेरीपासून लागत असतील तर पाठ बघा. खोगीर काढून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. कातडी थरथरली किंवा घोडा खाली दबला तर खोगीर लागतंय. तंगाखाली दोन बोटं जायला हवीत.

ओळ दिसली की सुटतो: याला लोक उत्साह म्हणतात. बहुतेकदा ती भीती असते, लवकर संपवून टाकायची घाई. लगाम ओढून तो थांबत नाही, उलट जास्त पळतो. ओळीच्या आधी वर्तुळावर दुडकी शांत होईपर्यंत फिरवा, मगच ओळीत सोडा. उडीनंतर पळत असेल तर उतरतो त्या बाजूला उडीपासून २.५ मीटरवर जमिनीवर एक बल्ली टाका. ती बघायला तो मान खाली घालतो आणि वेग आपोआप पडतो.

बाजूने निसटतो: फुलीच्या दोन्ही कडांना एकेक बल्ली टेकवून वाट करा, एक टोक जमिनीवर, एक फुलीवर. तरीही त्याच बाजूला जात असेल तर टेप घेऊन दोन्ही टोकं पुन्हा मोजा.

कालपर्यंत जात होता, आज उभाच राहिला: मारू नका. खूर उचलून बघा, पाठ बघा, जमीन टणक झाली का बघा. सगळं ठीक असेल तर बल्ली जमिनीवर आणा, चालीने एकदा न्या आणि दिवस तिथेच संपवा.

साड्या, ताडपत्री आणि फवारणीचा पंप

रानडुकरांसाठी वावराभोवती बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर फडफडल्या की बँडला न बुजणारा घोडाही बुजतो. ही सवय घरीच मोडा. ताडपत्री घडी करून तीस सेंटिमीटरची पट्टी करा, कडांवर दोन बल्ल्या ठेवून ती जमिनीवर दाबा आणि आपल्या ओळीतली एक बल्ली काढून तिच्या जागी मांडा. ओळखीच्या ओळीत एकच अनोळखी गोष्ट आल्याने घोडा ती लवकर मान्य करतो. पट्टी आठवड्याला थोडी उलगडत मीटरभर करा.

साडीसाठी हातात दोरी धरून या. घोडा कान टवकारतो आणि पाऊल आखडतं त्या जागी, तो पूर्ण अडायच्या आधीच, तुम्हीच थांबा. बघू द्या. कान सैल पडले किंवा त्याने ओठ चाटले की मागे वळवून पाच-सहा पावलं दूर न्या, आणि पुन्हा या. दूर नेणं हेच बक्षीस. दर वेळी तो एखादं पाऊल जास्त पुढे येईल. साडीपर्यंत ओढत नेलेला घोडा त्या दिवशी जातो आणि दुसऱ्या दिवशी लांबूनच उधळतो. फवारणीचा पंप आणि थ्रेशरही असेच, आधी बंद, मग लांब चालू, मग जवळ. आवाज आपल्यापासून दूर जात असताना त्याच्या मागे चालणं घोड्याला सोपं जातं. फवारणी चालू असलेल्या वावरात मात्र जाऊ नका, औषधाचा वारा त्याच्याही नाकात जातो.

आणि झटका मशीनची तार कुठून गेली आहे हे शेजाऱ्याला विचारून ठेवा. बरेचदा ती साड्यांच्याच खुंट्यांवरून गेलेली असते. साडी हुंगायला गेलेल्या घोड्याला तिथे झटका बसला तर महिनाभराचं काम वाया जाईल, म्हणून या सरावासाठी साडी आपल्याच आवारातल्या कुंपणावर बांधा.